चपला काढून उभी राहा

गेल्या वर्षी आमच्या वर्गात एक वाद झाला आणि तो अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. समाजशास्त्राच्या तासाला सर दारिद्र्यावर बोलत होते. बोलता बोलता त्यांनी विचारले, की एखाद्या जगप्रसिद्ध गायिकेने परक्या गरीब देशात जाऊन तिथल्या अनाथ मुलांवर माहितीपट काढला, तर तुम्ही तिला काय म्हणाल? उदाहरण होते मॅडोनाचे. वर्गात लगेच दोन तट पडले. एक तट म्हणाला, ही शुद्ध जाहिरातबाजी आहे. गाणी चालेनाशी झाली की या लोकांना गरिबांची आठवण होते. दुसरा म्हणाला, जाहिरात तर जाहिरात, पण तिने निदान काहीतरी केले. तुम्ही काय केलेत? एवढ्यात घंटा झाली.

मी त्या दिवशी काहीच बोलले नाही. वर्गात उठून बोलायला मला अजून जड जाते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. घरी चर्चा म्हणजे पाऊस, मजुरी आणि कोणाचे किती देणे राहिले, एवढीच. तेव्हा तोंडातल्या तोंडात राहिले ते आता लिहिते आहे.

नंतर तो चित्रपट मी मैत्रिणीच्या मोबाइलवर, वसतिगृहाच्या गच्चीवर बसून पाहिला. इंग्रजी भराभर बोलले जाते, त्यामुळे काही भाग दोनतीनदा मागे नेऊन पाहावा लागला. नाव 'आय ॲम बिकॉज वुई आर'. आफ्रिकेत 'उबुंटू' नावाचा जो विचार आहे, की आपण सारे आहोत म्हणून मी आहे, त्यावरून हे नाव घेतलेले आहे. चित्रपट २००८ सालचा. लेखन, निर्मिती आणि निवेदन मॅडोनाचे. दिग्दर्शक नेथन रिसमन. हा गृहस्थ पूर्वी तिच्याकडे माळीकाम करीत असे, असे वाचले तेव्हा मला त्याच्याविषयी उगाचच आपुलकी वाटली. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या ट्रायबेका महोत्सवात आणि मे महिन्यात कानच्या महोत्सवात तो दाखवला गेला. त्याच वर्षी मॅडोनाने 'फिल्थ अँड विज्डम' नावाचा एक कथापटही दिग्दर्शित केला होता. म्हणजे वयाच्या पन्नाशीत ही बाई गाण्याकडून कॅमेऱ्याकडे वळू पाहत होती, हे खरेच.

मलावी हा आफ्रिकेच्या आग्नेय भागातला चिंचोळा, समुद्रकिनारा नसलेला देश. इंग्रजांच्या काळात त्याला न्यासालँड म्हणत. ६ जुलै १९६४ रोजी तो स्वतंत्र झाला. एका बाजूने लांबच लांब सरोवर, शेतात मका आणि तंबाखू. एड्सने या देशातली कर्ती पिढी नेली आणि दहा लाखांहून अधिक मुले पोरकी झाली, हा या चित्रपटाचा विषय. मॅडोना सुरुवातीलाच सांगते, की एका बाईचा फोन येईपर्यंत मलावी नकाशात कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हते. तिची स्वतःची आई ती पाच वर्षांची असताना कर्करोगाने गेली. त्यामुळे ही मुले पाहताना तिला काय वाटत असेल याबद्दल मी शंका घेणार नाही. वर्गातल्या पहिल्या तटाशी माझे इथेच फाटते. माणसाच्या मनात शिरून त्याचा हेतू मोजायला आपण कोण?

चित्रपट पाहताना मी दोनदा रडले. एका लहान मुलावर झालेल्या क्रूर हल्ल्याची हकीकत त्यात आहे. ती मी पुरी पाहू शकले नाही. पण थोड्या वेळाने ध्यानात आले, की या चित्रपटात माणसांची एक वाटणी झालेली आहे. बिल क्लिंटन येतात, डेझमंड टुटू येतात, अर्थशास्त्रज्ञ जेफ्री सॅक्स येतात, डॉक्टर पॉल फार्मर येतात आणि हे सारे असे का झाले, यावर उपाय काय, ते समजावून सांगतात. मलावीची माणसे मात्र बव्हंशी आपले दुःख तेवढे सांगतात. दुःख त्यांचे आणि अर्थ लावायचा दुसऱ्यांनी. असा प्रकार मी पूर्वी एकदा अगदी जवळून पाहिलेला आहे, म्हणून तो चटकन ओळखता आला.

मी सातवीत होते. वडील गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालगडी, आई खुरपणीला जाई. एक दिवस शाळेत शहरातल्या एका संस्थेची मंडळी दप्तरे वाटायला आली. सोबत कॅमेरा होता. गुरुजींनी पाचसहा मुलींना पुढे बोलावले. त्यात मी होते. कॅमेरावाल्या दादांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि अगदी मायेने म्हणाले, "बाळा, त्या चपला जरा बाजूला काढून ठेव बरं. हां, आता तशीच उभी राहा."

चपला नव्या होत्या. वडिलांनी त्याच आठवड्यात बाजारातून आणल्या होत्या आणि आणताना दुकानदाराशी बराच वेळ घासाघीस केली होती. मी त्या काढल्या, भिंतीशी नीट जोडीने ठेवल्या आणि उभी राहिले. ऊन होते, पाय भाजत होते, त्यामुळे चेहराही जसा हवा तसा झाला असावा. काही महिन्यांनी त्या संस्थेचे छापील पत्रक शाळेत आले. त्यावर माझा फोटो होता. मी हौसेने घरी नेला. वडिलांना वाचता येत नाही. त्यांनी फोटो उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि एवढेच विचारले, "चपला कुठं गेल्या गं तुझ्या?"

मला उत्तर देता आले नाही. आजही नीट देता येणार नाही. ते दप्तर चांगले होते, दहावीपर्यंत टिकले, हेही इथेच सांगितले पाहिजे.

मॅडोनाच्या हकीकतीत असा एक बाप आहे. योहाने बांडा त्याचे नाव. मलावीच्या मचिंजी भागातला गरीब शेतकरी. बायको बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत वारली, तान्ह्या मुलाला जगवणे शक्य होईना, म्हणून त्याने ते अनाथाश्रमात ठेवले. चित्रपटाच्या कामासाठी फिरताना मॅडोनाने हा डेव्हिड पाहिला आणि २००६ साली दत्तक घ्यायचे ठरवले. जगभर गहजब झाला. वर्तमानपत्रवाले योहानेच्या दारात पोचले. आधी तो म्हणाला, की मूल कायमचे जाणार हे मला कळले नव्हते. थोड्याच दिवसांनी तो दत्तकाविरुद्ध कोर्टात गेलेल्या संस्थांवर रागावला, की माझ्या मुलाचे भले होते आहे, तुम्ही मध्ये पडू नका. लोकांनी यावरून तो भोळा आहे, लोभी आहे, शब्द फिरवतो, असे नाना तर्क केले. मला यात फिरवाफिरवी दिसत नाही. गरिबाला एकाच आठवड्यात दोन्ही गोष्टी खऱ्या वाटू शकतात. माझ्या वडिलांना दप्तरही हवे होते आणि पत्रकातला फोटोही बोचला होता. दत्तकाचा अंतिम हुकूम मे २००८ मध्ये झाला, म्हणजे चित्रपट कानला दाखवला गेला त्याच महिन्यात. पुढच्या वर्षी मर्सी या मुलीच्या वेळी खालच्या कोर्टाने नकार दिला, कारण परदेशी पालकाने काही काळ देशात राहिले पाहिजे हा संकेत पाळला गेला नव्हता. पण जून २००९ मध्ये वरच्या कोर्टाने परवानगी दिली. एका गरीब देशातली एक न्यायाधीश बाई जगातल्या इतक्या बड्या असामीला 'नाही' म्हणू शकली, ही गोष्ट मला त्या साऱ्या प्रकरणात फार मोलाची वाटते. निकाल टिकला नाही, तरीसुद्धा.

पण मला सर्वांत जास्त लागली ती शाळेची गोष्ट. मॅडोनाने २००६ मध्ये 'रेझिंग मलावी' ही संस्था काढली. राजधानी लिलाँग्वेजवळ मुलींसाठी मोठी निवासी शाळा बांधायची ठरली. सुमारे चारशे मुली, खर्च दीड कोटी डॉलर. जमीन घेतली गेली, तिथल्या गावकऱ्यांना हलवण्यावरून तक्रारी झाल्या. मग मार्च २०११ मध्ये बातमी आली, की ३८ लाख डॉलर खर्च झाले आणि शाळा काही उभी राहणार नाही. पगार, गाड्या, कचेऱ्या यांत पैसा गेला, असे तपासणी करणाऱ्यांनी सांगितले. पुढे त्याऐवजी दुसऱ्या एका संस्थेबरोबर कसुंगू जिल्ह्यात दहा ठिकाणी शाळांच्या इमारती बांधल्या गेल्या. मोठ्या शाळेवर नेमलेल्या प्रमुख बाई या जॉयस बांडा यांच्या बहीण. त्यांना काढून टाकले गेले, आणि २०१२ साली जॉयस बांडा मलावीच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या! पुढचे भांडण कसे रंगले असेल ते सांगायला नको. एप्रिल २०१३ मध्ये मॅडोना मलावीत गेली तेव्हा तिला खास मान मिळाला नाही. तिने नाराजी दाखवली. त्यावर राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातून एक जहाल पत्रक निघाले. दहा शाळा नव्हेत, असलेल्या शाळांना जोडलेल्या वर्गखोल्या आहेत, असे शिक्षणमंत्री बाईंनी आधीच सुनावले होते. पत्रकाचा सारांश असा, की दान केले म्हणून देशाने जन्मभर कृतज्ञतेच्या बेडीत राहावे असे होत नाही. नंतर, हे पत्रक राष्ट्राध्यक्षांना विचारून काढलेले नव्हते, अशीही सारवासारव झाली.

या भांडणात कोण खरे, कोण खोटे हे इथून ठरवणे कठीण. त्यात बहिणीच्या नोकरीचा राग असणारच. पण त्या लिलाँग्वेजवळच्या चारशे मुलींचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यांपैकी काहींनी चित्रपटवाल्यांना पाहिले असेल, शाळा येणार म्हणून ऐकले असेल. कुणी घरी सांगितलेही असेल, की मी आता शिकायला जाणार. मला अकरावीला प्रवेश मिळेपर्यंत पंधरा दिवस झोप नव्हती. त्यांना कोणी काय सांगितले असेल?

आता दुसरी बाजू. जुलै २०१७ मध्ये ब्लांटायर शहरातल्या क्वीन एलिझाबेथ या मोठ्या सरकारी इस्पितळाच्या आवारात मुलांच्या शस्त्रक्रियेसाठी आणि अतिदक्षतेसाठी एक खास इमारत सुरू झाली. देशात अशी ही पहिलीच. 'रेझिंग मलावी'ने ती बांधली आणि मर्सीचेच नाव तिला दिले. तिथे डॉक्टर एरिक बोर्गस्टाइन नावाचे बालशल्यविशारद कितीतरी वर्षे अपुऱ्या जागेत मुलांवर शस्त्रक्रिया करीत होते. त्यांच्या कामाला ही जागा मिळाली. शाळा फसली आणि इस्पितळ उभे राहिले, याचे कारण मला असे दिसते, की शाळेची कल्पना बाहेरून आणलेली होती आणि इस्पितळाचे काम तिथे आधीपासून चाललेच होते. तिथे पैसा कामाच्या मागून गेला. त्या इमारतीत वाचलेल्या एका मुलाच्या आईला जाऊन कोणी म्हणावे, की मॅडोनाचा हेतू शुद्ध नव्हता! ती काय उत्तर देईल ते मला माहीत आहे. माझी आईही तेच देईल.

कलावंताने परक्या दुःखासाठी उभे राहणे ही मॅडोनापासून सुरू झालेली गोष्ट नव्हे. १ ऑगस्ट १९७१ रोजी रविशंकरांच्या शब्दाखातर जॉर्ज हॅरिसनने न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम केला. त्याची ध्वनिमुद्रिका निघाली, चित्रपट निघाला आणि त्यांतला पुष्कळसा पैसा अमेरिकेच्या करखात्यात वर्षानुवर्षे अडकून पडला. १९८४ च्या ऑक्टोबरात इथिओपियाच्या दुष्काळाची दृश्ये बीबीसीवर दिसली आणि बॉब गेल्डॉफ पेटून उठला. ती दृश्ये टिपणारा महंमद अमीन हा केनियाचा, नैरोबीत जन्मलेला माणूस होता, हे किती जणांना आठवते? गेल्डॉफ सर्वांना आठवतो.

आणि आपण भारतीय तरी काय करतो? लुई माल या फ्रेंच दिग्दर्शकाची 'फँटम इंडिया' ही मालिका १९७० मध्ये बीबीसीने दाखवली, तेव्हा आपल्या सरकारला इतका राग आला, की बीबीसीची दिल्लीची कचेरीच बंद करायला लावली. नर्गिस राज्यसभेच्या सदस्य असताना सत्यजित राय भारताची गरिबी परदेशात विकतात, असे म्हणाल्या होत्या. मला हा राग कळतो, पण पटत नाही. हा घरातल्या कर्त्या माणसांचा राग आहे. पाहुण्यांसमोर फाटकी चादर दिसली म्हणून आलेला. चादर जिच्या अंगावर आहे तिला कोणी विचारत नाही. माझा राग निराळा आहे. माझी गरिबी दाखवली याचे मला काही वाटत नाही. ती होतीच, आहे. माझ्या चपला लपवल्या याचे वाटते. गरिबाच्या घरी जे थोडे असते, कष्टाने, घासाघीस करून आणलेले, ते चौकटीबाहेर ठेवले की जे उरते ते खोटे होते. बापाने केले ते पुसले जाते आणि देणाऱ्याचा हात तेवढा दिसतो.

मलावीच्याही चपला आहेत. २०११ साली मलावीच्या आरोग्य खात्याने ठरवले, की गरोदर बाईला एड्सची लागण आढळली तर रक्ताच्या पुढच्या चाचण्यांची वाट न पाहता तिला लगेच आणि जन्मभर औषध चालू करायचे. त्या चाचण्यांची यंत्रे खेड्यापाड्यांत नव्हतीच, म्हणून ही युक्ती. अशी वाट धरणारा हा पहिलाच देश. दोन वर्षांनी जागतिक आरोग्य संघटनेने तोच मार्ग इतरांना सांगितला. पोरकी मुले वाढू नयेत म्हणून केलेला याहून मोठा उपाय कोणता? पण त्यावर कोण्या नामवंत गायकाने माहितीपट काढल्याचे माझ्या वाचनात नाही. कचेरीत बसून टिपण तयार करणारा मलावीचा डॉक्टर पडद्यावर रडत नाही, ही त्याची अडचण असावी.

त्याच कसुंगू भागातला विल्यम कामक्वाम्बा. २००१-०२ च्या दुष्काळात, सरकारी धान्याचा राखीव साठा आधीच विकला गेलेला, घरी खायला नाही, फी भरता आली नाही म्हणून शाळा सुटली. हा मुलगा गावच्या छोट्या वाचनालयात जाऊन इंग्रजी पुस्तकातली चित्रे पाहत बसे. त्यावरून त्याने सायकलचा सांगाडा, ट्रॅक्टरचा जुना पंखा आणि निलगिरीचे वासे जोडून पवनचक्की उभी केली व घरात दिवा लावला. गावाला तो वेडा वाटला होता. २००७ मध्ये टांझानियातल्या अरुशा गावी परिषदेत तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत स्वतः बोलला, पुढे त्याने पुस्तक लिहिले आणि २०१९ मध्ये चिवेटेल एजिओफर या नटाने त्यावर मलावीतच जाऊन चित्रपट काढला. भूक त्यातही आहे, आणि मॅडोनाच्या चित्रपटाहून कमी नाही. तरी तो पाहताना मला कोणाची कीव आली नाही. मला हेवा वाटला. मलावीचा स्वतःचा दिग्दर्शक शेमू जोया यानेही 'सीझन्स ऑफ अ लाइफ' हा चित्रपट केला आहे. घरकाम करणारी एक मुलगी, तिचे मूल आणि त्या मुलावरचा हक्क, अशी ती गोष्ट. मॅडोनाच्या दत्तकाचा वाद चालू होता त्याच सुमारास, २००९ मध्ये, तो आला. आपल्या कॉलेजच्या चित्रपट मंडळाने मॅडोनाचा चित्रपट दाखवायचे ठरवले तर अवश्य दाखवावा, पण त्याच आठवड्यात हाही मिळवून दाखवावा.

तर मॅडोनाने जाऊ नये असे मी म्हणत नाही. जावे, कॅमेरा न्यावा, पैसा न्यावा. पण चित्र कापूनजोडून पुरे झाले, की आधी त्या गावात पडदा बांधून दाखवावे आणि 'यातले काय खोटे आहे?' असे विचारावे. महोत्सव नंतर. एवढेही जमत नसेल तर निदान कोणाला चपला काढायला सांगू नये.

हे लिहून झाल्यावर मी आपल्याच वार्षिकाचा गेल्या वर्षीचा अंक काढून पाहिला. त्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचा फोटो आहे. आम्ही सारे शिबिरार्थी फावडी-घमेली घेऊन उभे, पुढे वाडीवरची पाचसहा पोरे. खाली आमची नावे, डावीकडून उजवीकडे, सरांच्या नावासकट. पोरांच्या जागी 'ग्रामस्थांसमवेत'. डावीकडून तिसरी मी. माझ्या पुढ्यात एक मुलगी आहे, तिच्या खांद्यावर माझा हात आहे. फोटो निघताना ती केसांतली लाल रिबीन सारखी करायला हात वर करत होती आणि मीच तिला म्हटले होते, "राहू दे गं, अशीच छान दिसतेस." फोटोत रिबीन सुटून लोंबते आहे. तिचे नाव मी विचारले नव्हते.

यंदाचेही शिबिर त्याच वाडीवर आहे, असे सरांनी सांगितले आहे. तो अंक मी सोबत घेऊन जाणार आहे.